फणसाला टांगलेलं इंजिन

इतकी वर्षं झाली, पण पोलादपूरची ती पिकअप काही केल्या डोक्यातून जात नाही. खून-दरोड्यांच्या तारखा आठवायला मला आता जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. ही गाडी मात्र टपापर्यंत वर नेलेल्या सायलेन्सरसकट डोळ्यांपुढे उभी राहते. गुन्हा म्हणावा तर काहीच नव्हता. तरी माझी इतकी फजिती दुसऱ्या कुठल्या तपासात झाली नाही, हे आधीच कबूल करतो.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मी पोलादपूरला फौजदार होतो, नवा आणि कडक. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी स्टँडवर प्रवासी जीप चालवणारा एक जण ठाण्यात आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "साहेब, वरच्या वाडीतल्या फिटरची गाडी बघा एकदा. आरसी बुकात एक इंजिन हाय, गाडीत दुसरंच हाय. चोरीचा माल वाटतोय." खबर ऐकण्याआधी खबर देणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते बघावं, हे मी लवकर शिकलो होतो. वाडीची माणसं आता त्याच्या जीपमध्ये बसत नव्हती, एवढं सरळ कारण होतं. पण म्हणून खबर खोटी ठरत नाही. स्टेशन डायरीला नोंद केली आणि बीट हवालदारांना घेऊन निघालो.

हवालदार शिवथरकडचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. वाटेत त्यांनी माहिती दिली. फिटर मुंबईत एका गॅरेजात आयुष्य काढून गावी परतला होता. वाडी डोंगरावर, चाळीसेक घरांची, गुरं आणि नाचणीवर जगणारी. आजारी माणूस खाली आणायचा तर डोलीतून. बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणूस निजवायचा आणि चौघांनी दोन तास उतरायचं. वाडीने अंगमेहनतीने कच्चा रस्ता खणला होता, पण त्यावर चढेल अशी गाडी कुणाकडे नव्हती. म्हणून फिटरने सरकारी लिलावातून चारही चाकं ओढणारी जुनी पिकअप उचलली आणि दोन वर्षं दारात उभी करून ती जोडत बसला.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो गाडीखाली होता. नुसते पाय बाहेर.

"बाहेर ये," मी म्हणालो. पंचावन्न वर्षांच्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो. आज त्याची लाज वाटते.

तो बाहेर आला, हात पुसले आणि मी काही विचारायच्या आतच गाडी दाखवायला लागला. काय तो उत्साह! पावसाने खाल्लेल्या चेसिसला आतून पट्टी मारली होती. मागच्या स्प्रिंगांना एकेक जादा पाटा चढवून गाडी वीतभर उचलली होती. मधला ओढा भरला तरी पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सर वर नेला होता. क्रेन कुठली आणणार, तर दारातल्या फणसाच्या फांदीला चेन पुली बांधून इंजिन उतरवलं आणि चढवलं. फांदीवर साखळीचा वळ अजून दिसत होता.

मग त्याने मागचा हौदा उघडला. पुढे आणि मागे लोखंडाच्या दोन खोबणी जोडल्या होत्या, आत सायकलच्या टायरचं रबर घातलं होतं.

"ह्या कशाला?"

"डोलीचा बांबू बसतो साहेब. दारातून उचललेली डोली तशीच हितं टांगायची. गाडी आदळली तरी मानूस नुसता झुलतो, आपटत नाय."

चोराला खोबणी कशाला लागतील, हा विचार तेव्हाच मनात आला होता. पण मी इंजिन नंबर पाहिला आणि तो आरसी बुकाशी जुळेना.

"इंजिन कुठून आणलं?"

इतका वेळ बोलणाऱ्या माणसाने हौदा बंद केला. वाडीतली दहा-बारा माणसं गोळा झाली होती, तो त्यांच्याकडे बघत राहिला. "घेतलंय इकत," एवढंच म्हणाला.

"कुणाकडून? पावती?"

तो पुन्हा हात पुसायला लागला. मी पंचनामा करून गाडी ताब्यात घेतली. त्याने स्वतःच ती चालवत ठाण्याच्या आवारात आणून लावली आणि निघताना बॉनेटवरून हात फिरवला.

पुढचे तीन दिवस मी त्याला रोज बोलावलं. दमात घेतलं, गोडीत घेतलं, चहा पाजला. ढिम्म! आजूबाजूच्या जिल्ह्यांत बिनतारी संदेश पाठवले. या इंजिन नंबरची गाडी कुठेच चोरीला गेली नव्हती. तिकडे हवालदारांना कळलं की फिटरची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, दिवस भरत आलेत, पायांना सूज आहे आणि महाडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जरा काही वाटलं तर तासाभरात इथे आणा. गाडी माझ्या आवारात उभी. लेकीचा जीव टांगणीला, आणि हा बाबा तोंड उघडत नाही! माझा संताप झाला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायला लागली.

चौथ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. चोर चौकशीत साहेबाच्या हाताकडे बघतो, दांडकं कधी उचललं जाईल म्हणून. हा माणूस दाराकडे बघत होता. दाराबाहेर त्याच्यासोबत आलेली वाडीची माणसं बसत. मी शिपायाला सांगून त्यांना चहाच्या टपरीवर धाडलं.

तेवढ्यात हवालदार एक धुळकट फाईल घेऊन आत आले. "साहेब, काखेत कळसा नि गावाला वळसा. नंबर आपल्याच कपाटात होता."

दोन वर्षांपूर्वी घाटात एक प्रवासी जीप दरीत गेली होती. ड्रायव्हर आणि दोन उतारू गेले. अपघाताचा पंचनामा हवालदारांनीच लिहिला होता आणि त्यात तोच इंजिन नंबर होता. मोडकी जीप पुढे रीतसर भंगारात गेली.

फिटरने फाईल पाहिली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत महाडच्या भंगारवाल्याची पावती होती, जीपच्या नंबरासकट. चार दिवस सुटकेचा कागद छातीशी बाळगून हा माणूस माझ्या शिव्या खात होता.

"अहो, मग दाखवली का नाहीत?" माझ्या तोंडून आपोआप अहो निघालं.

"वाडीला कळंल ना साहेब. ज्या गाडीत मानूस गेलं तिचं लोखंड आमच्यात दारात आनत नायत. कोन बसंल मग? माझी पोरगीच बसायची नाय. पुन्ना डोलीच." त्याने हात जोडले. "मला आत टाका, पन त्यांना सांगू नका. जबाबाला पंच वाडीतले घेऊ नका."

मी बाजारातले दोन दुकानदार पंच म्हणून बोलावले. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करून घ्यायची समज दिली, तसं लिहून घेतलं आणि गाडी सोडायचा आदेश केला. सही करतोय तोच आवारात गलका झाला. वाडीची सुईण आली होती. साठीची काटक बाई, डोंगर उतरून तडक ठाण्यात.

"सायेब, पोरीचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. गाडी सोडतावं का मी हितंच बोंब मारू?"

"सोडली, बाई, सोडली." फिटर किल्ली घेऊन गाडीकडे धावला. त्याचं गुपित राखायचं म्हणून मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "चौकशी झाली. इंजिन मुंबईहून आणलेलं आहे. मी पावती पाहिली."

तिने माझ्याकडे असं बघितलं की फौजदारकी अंगावरून गळून पडली.

"नका सांगू. घाटात पडलेल्या जीपचं हाय त्ये."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? त्याच जीपनं बाजार केलाय आमी. रानात घंटेवरनं गुरं वळखनारी मानसं आमी, इंजिन नाय वळखनार? पयल्यांदा सुरू केलान तवाच सगळ्या वाडीला समजलं. त्यो जेवाया गेला नि आमी चाकापुढं नारळ वाढवला."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. डोलीची त्याहून जास्ती वाटते. चार बायका खांद्यावर गेल्यात माझ्या देखत." मग ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पन त्याला बोलू नका हां. कुनाच्या मनात शंका नको म्हनून त्यो गाडी कशी फुलावानी चालवतो. कळलं की आमी जानतो, तर हाकंल बाकीच्यांसारखा."

गाडी सुरू झाली. सुईण उडी मारून हौद्यात चढली. दुपार टळायच्या आत मुलगी महाडच्या दवाखान्यात पोहोचली. संध्याकाळी हवालदार पेढे घेऊन आले. नात झाली होती, दोघी सुखरूप. मी टेबलाशी बसून लहान मुलासारखा हसलो.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. गप्प बसणारा प्रत्येक जण स्वतःला वाचवत असतो असं नाही. आणि दुसरी, पोलिसाने कळलेली प्रत्येक गोष्ट सांगायची नसते. पहिली फिटरने शिकवली, दुसरी चाळीस घरांनी मिळून. फिटर आता हयात नाही, गाडीही कधीच मोडीत गेली, म्हणून आज लिहायचं धाडस करतोय.

बदलीनंतर सात-आठ वर्षांनी महाडच्या बाजारात तो मला भेटला होता. हात धरून बाजूला घेतलं, आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं आणि कानाशी लागून म्हणाला, "साहेब, तुमचे लय उपकार. वाडीत अजून कुनालाच पत्ता नाय."

"कसा असेल?" मी म्हणालो. "गाडी कशी चालवता?"

"हळूच," तो म्हणाला. "सांभाळून राहावं लागतं ना."