दोरीवरचा हात

आचऱ्याच्या भिकाजीने चाळीस वर्षं रापण ओढली. पाण्यात सोडलेल्या जाळ्याची दोरी कमरेला घ्यायची, मागे रेलायचं आणि वाळूत टाचा रोवत उलटं चालायचं, जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत. दोरीला ज्याचा हात, त्याला मासळीचा वाटा, असा रिवाज. थकलेल्या म्हाताऱ्यांनी बसल्या जागी नुसता हात लावला तरी वाटा घरी पोचायचा. भिकाजीला त्या म्हाताऱ्यांत जायचं नव्हतं.

दोन हजार दोन साली उजवा हात थरथरू लागला, मग पाय. गोव्याच्या डॉक्टरने कंपवात सांगून दिवसाला तीन गोळ्या दिल्या. चेहरा असा झाला की बांगडा मिळो की भांडण होवो, दिसायचं एकच. आणि पाय उंबऱ्याशी अडायचे, तळवे जमिनीला चिकटल्यासारखे.

"उंबऱ्यार देव बसलोहा काय? किती येळ दर्शन घेतास?" बायको शेवंती मागून म्हणायची. मग जुन्या दोरीचा तुकडा त्याच्या पायांपुढे आडवा टाकायची. तो ओलांडायचा म्हटलं की पाऊल सुटायचं. कसं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रापणीवर मात्र तो चालायचा. सगळ्यांच्या हो-होच्या ठेक्यात, बिनचूक.

"हेका काय झालाहा? माझ्यापरास बरो चलता," रापणीचा म्होरक्या, तांडेल तुकाराम म्हणायचा. भिकाजीलाही तसंच वाटे. त्याला उभा धरून होतं ते समोरचं भरलेलं जाळं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात जाळं जड होऊन आलं. जाळ्याची मासळीने भरलेली खोळ वाळूला लागली तसे सगळे दोरी टाकून पुढे धावले, नेहमीसारखे. दोरी सैल पडली. भिकाजी रेललेला होता तो मागेच गेला, बारीक बारीक पावलांनी, थांबवता येईनात, आणि पाठीवर पडला.

"भिकाजीन उलटो दंडवत घातल्यान!" कुणी तरी हसलं. रापणीत पडतं कुणीही. मग लाट कानात शिरली तरी तो उठेना, तेव्हा तुकाराम धावला.

"लागला काय रे? मेल्या, तोंडार कायतरी दाखय!"

"नाय," भिकाजी म्हणाला. खरंच काही वाटत नव्हतं. वर आभाळ होतं, इतकंच.

संध्याकाळी तुकाराम स्वतः वाटा घेऊन आला. बराच वेळ दारापुढच्या खळ्यात उभा राहिला.

"फाल्या सकाळपासून तू ये, हात लाव आणि बस. तुझो वाटो खंय जाता?"

शेवंतीने बांगडे टोपात ओतले. वाटा नेहमीएवढाच होता.

सकाळी किनाऱ्यावरून हाक आली. शेवंतीने दोरीचा तुकडा टाकला. त्याने तो ओलांडला.

वाळूवर दोरीला हात लावून म्हातारा सोकोरो बसला होता. तो थोडा सरकला. "बस रे हयसर. ऊन लागणा नाय."

भिकाजी बसला. जाळ्याची ओली दोरी पुढ्यातून वर जात होती. त्याने तिच्यावर हात ठेवला. ती तळव्याखालून सरकत राहिली. धरायची नव्हती.