तीन रिकाम्या कुप्या

नोकरीत मी किती पंचनामे लिहिले ते मलाच ठाऊक नाही. निवृत्तीनंतर त्यातले बहुतेक विसरलो, आणि बरंच झालं. पण तळेगाव दाभाड्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत लिहिलेला पंचनामा अजून डोक्यातून जात नाही. त्यातला एक शब्द चुकला होता आणि तो माझ्याच हातचा होता.

तेव्हा मी मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मंगळवारी सकाळी हजेरी आटोपून चहाचा कप उचलला, तोच त्या प्रयोगशाळेचे व्यवस्थापक तक्रार अर्ज घेऊन आले. गृहस्थ आधी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होते, इथं येऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्यांचं म्हणणं असं, की संशोधनासाठी मागवलेल्या एका मानवी प्रथिनाच्या तीन कुप्या आल्या आणि तिन्ही रिकाम्या निघाल्या. खोक्याची चिकटपट्टी सुटलेली, आणि खोकं उतरवून घेतलं होतं प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी, म्हणून संशय त्यांच्यावर.

"संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करा साहेब. कायम करायच्या यादीत तिचं नाव आहे. यादी पुढच्या आठवड्यात वर जाईल, त्याआधी मला ते खोडायचंय."

प्रथिन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तूरडाळ आली. डाळीसाठी एवढा मोठा माणूस घाम पुसत ठाण्यात का येतो, हे मला बघायचंच होतं. पोलिसाला चौकसपणाचा पगार मिळतो, पण मला ती मुळातलीच खाज होती. दोन पंच, एक हवालदार आणि एक महिला कॉन्स्टेबल घेऊन निघालो.

कुप्या ज्यांनी पहिल्यांदा पाहिल्या, त्या तरुण संशोधक मुलीनं मला समजावून सांगितलं. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. कुणी वाढायचं, कुणी थांबायचं, असे निरोप. ते नेणारी काही प्रथिनं असतात. हे त्यातलंच एक. पण माणसाच्या शरीरातून काढलेलं नाही, माणसाच्या जनुकाची नक्कल जिवाणूत घालून त्याच्याकडून बनवून घेतलेलं. मज्जापेशींना ते 'तंतू फुटू दे' असा निरोप देतं. वाळवून, कुपीत भरून येतं.

"नेहमी तळाशी पांढरी भुकटी दिसते," ती म्हणाली. "या वेळी काहीच नाही. मी उजेडात धरून पाहिलं."

मीही धरून पाहिलं. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी, फिरकीचं झाकण, आत स्वच्छ तळ. मी पंचनाम्यात लिहिलं: तीन कुप्या, रिकाम्या. संशयित म्हणून मदतनीस बाईंचं पूर्ण नावही घातलं. पंचांनी सह्या केल्या.

माझा नियम असा, की साहेबाशी बोलून झालं की गेटवरच्या माणसाशी बोलायचं. सुरक्षारक्षक हळूच म्हणाला, "शनिवारी दुपारी कुरिअर आलं साहेब. समदी घरी गेलती. मावशीनं खोकं घेतलं, पण भांडाराकडं न्हाई गेली. कँटीनकडं गेली."

मावशी म्हणजे त्याच बाई. वय पन्नाशीचं, गाव बेडसे. कंत्राटावर बारा वर्षं काचेची भांडी धुण्यात गेलेली. व्यवस्थापकांच्या खोलीत महिला कॉन्स्टेबलच्या समोर मी त्यांची चौकशी सुरू केली.

"शनिवारी खोकं कुठं ठेवलंत?"

"भांडारात."

"भांडाराची चावी तर शनिवारी दुपारी एकलाच व्यवस्थापकांबरोबर घरी गेली."

"मग दारापाशी ठिवलं असंल."

"कँटीनकडे कशाला गेलात?"

"पानी प्यायला."

बाई खोटं बोलत होत्या आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. कपाळावरचा घाम पदरानं टिपत होत्या, उत्तर देताना दाराकडे बघत होत्या. अशी माणसं मी शेकड्यांनी पाहिली होती. मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत कबूल होणार. खरं सांगतो, मी तेव्हा गुन्हा मनातल्या मनात दाखलसुद्धा करून टाकला होता.

मग कुप्या जप्त करायची वेळ आली. मुद्देमाल कापडात गुंडाळायचा, सुतळी बांधायची, गाठीवर वितळलेली लाख टाकून मोहर उठवायची, ही आमची जुनी पद्धत. हवालदारानं टेबलावर मेणबत्ती पेटवली आणि लाखेची कांडी ज्योतीवर धरली. कुप्यांची पुरचुंडी तिथंच, ज्योतीपासून वीतभर अंतरावर.

मावशी खुर्चीतून ताडकन उठल्या.

"आवो, काय करताय? जाळताय व्हय त्येला? त्ये थंड लागतंय! आदी बरफात ठिवा!"

"बसा खाली," हवालदार खेकसला. "रिकाम्या बाटल्यांना कसला बर्फ?"

"रिकाम्या असंना का! चिठ्ठीवर लिवलंय, थंडीत ठेवा म्हनून. बारा वर्सं ठिवत्ये मी. साहेब, तुमी तरी सांगा ना वो त्यास्नी!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वतःच्या चौकशीत एवढा वेळ कोरडे राहिलेले डोळे त्या तीन कुप्यांसाठी भरले. मी हवालदाराला मेणबत्ती विझवायला सांगितलं.

ज्यानं माल काढून घेतला, तो रिकाम्या कुप्यांना बर्फ मागेल कशाला? तो म्हणेल, जाळा नाहीतर पुरा. या बाईच्या लेखी कुप्या अजून भरलेल्याच होत्या.

सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त कॉन्स्टेबल थांबली. "मावशी, खरं सांगा. शनिवारी काय झालं?"

त्यांनी सांगितलं. भांडाराला कुलूप, व्यवस्थापकांचा फोन लागेना आणि खोक्यावर थंडीत ठेवण्याची चिठ्ठी. म्हणून खोकं कँटीनच्या डीप फ्रीजरात, आइस्क्रीमच्या डब्यांखाली सरकवलं. सोमवारी पहाटेच्या पाळीला काढलं आणि भांडार उघडताच आत ठेवलं. ओलीनं खोक्याची चिकटपट्टी सुटली, ती तशीच राहिली.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"खान्याच्या फ्रीजात लॅबचं काय ठिवलं तर कामावरनं काढत्यात साहेब. भिंतीवर लिवलंय. मीच रोज पुसत्ये ती पाटी."

चोरी लपवायला खोटं बोलणारी माणसं मला पाठ होती. चांगलं काम लपवायला खोटं बोलणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

पण लाज वाटून तपास पुढे सरकत नाही. मालाचा प्रश्न तसाच होता. तो मागवणारे ज्येष्ठ शास्त्रज्ञ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लोणावळ्याला घरी विश्रांती घेत होते. कुप्या प्रयोगशाळेच्याच फ्रीजरात कुलूपबंद करून चावी खिशात टाकली आणि लोणावळ्याला गेलो. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात चिक्कीचा तुकडा, असे ते बसले होते. माझं ऐकून खो खो हसले.

"अहो, नेहमीच्या मालात दुसरं एक प्रथिन भर म्हणून घातलेलं असतं. ती पांढरी भुकटी म्हणजे ती भर! खरा माल इतका थोडा असतो, की डोळ्याला दिसतच नाही. या वेळी मला भर नको होती, म्हणून बिनभरीचा मागवला. त्या मुलीला सांगायचं राहिलं. चूक माझी."

"म्हणजे कुप्या भरलेल्या आहेत?"

"असाव्यात. पण तुम्ही पोलीस, माझ्या शब्दावर कशाला जाता? पेशींनाच विचारा."

ते मला फार आवडलं. परत आल्यावर त्या संशोधक मुलीनं पंचांसमोर तिन्ही कुप्यांत द्रावण घातलं, प्रत्येकीतला थेंब वेगळ्या बशीतल्या पेशींना दिला. चौथ्या बशीला काहीच दिलं नाही. आठवडा लागणार होता. व्यवस्थापक रोज फोन करत, यादी जायची आहे म्हणून. मी रोज सांगे, पेशींचा जबाब बाकी आहे. मावशी तो आठवडाभर घरी होत्या. गावात कुजबुज सुरू झाली होती, हे कॉन्स्टेबलनं मला सांगितलं.

आठव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चौथ्या बशीत पेशी गोल गोल, गप्प पडलेल्या. उरलेल्या तिन्हींत मटकीला मोड यावेत तसे प्रत्येकीला तंतू फुटलेले. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. हवालदारानं खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आलो.

तरुण संशोधक मुलगी स्वतः बेडश्याला जाऊन मावशींना घेऊन आली आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. फ्रीजरबद्दल मावशींना लेखी समज मिळाली, आणि यादीतलं नाव जागेवर राहिलं. मी पुरवणी पंचनामा लिहायला घेतला: तीन कुप्या, डोळ्यांना माल दिसत नाही, परंतु भरलेल्या.

मावशी शेजारी उभ्या राहून वाचत होत्या.

"साहेब, ह्याच्यात माजं नाव न्हाई."

"याच्यात कशाला हवं? तुम्ही निर्दोष आहात."

"पयल्या कागदात व्हतं की, संशयित म्हनून. मग ह्याच्यात बी लिवा. कुप्या भरलेल्या निगाल्या, आन त्या कुनी सांबाळल्या त्ये."

तपासात मला वाटत असे, की निर्दोष माणसाला सोडून दिलं की आपलं काम झालं. संशय लिहायला मी पूर्ण नाव वापरलं होतं आणि तो पुसताना नावच गाळायला निघालो होतो. त्यानंतर नोकरीत मी 'रिकामे' हा शब्द फार जपून लिहिला, आणि ज्याच्यावर संशय घेतला त्याचं नाव शेवटच्या कागदावरही लिहिलं.

या आठवणींत मी कुणाचंच नाव देत नाही, तो माझा नेम आहे. पण त्या पुरवणी पंचनाम्यात ते आहे, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गाव बेडसे. खाली मावशींची सही आहे.