घरच्या दोन सरी

आमच्या वांग्याच्या शेतात विहिरीकडच्या दोन सरींवर मी कधीच औषध फवारत नाही. त्या घरच्यासाठी असतात. काल पुण्याहून आलेली धाकटी बहीण वांगी तोडायला बाजारासाठीच्या सरींकडे वळली, तेव्हा मी घाईने म्हणालो, "ती नको गं, परवाच फवारलीत."

ती हसली. "दादा, आमची पोरं वर्षभर तीच तर खातात."

मला मान वर करता येईना. फवारलं नाही, तर निम्मी वांगी अळी खाते आणि व्यापारी उरलेलीही घेत नाही. हे तिला सांगावं, की माफी मागावी?

तोवर ती घरच्या सरीत शिरली होती. अळीचं भोक दिसलं की वांगं बांधावर टाकून देत होती.

सोमवारी पुन्हा फवारणी आहे. पंप पाठीवर घ्यावा की नाही, मला खरंच कळत नाही.