तारेनं बांधलेलं बटण

"हात वर कर. अजून वर. सगळ्यांना दिसू दे."

मी डावा हात वर केला. पट्टीतला. दोन बोटं गेलेली. समोर त्याच सकाळी कामावर घेतलेली दहा-बारा नवीन माणसं. मॅनेजरसाहेब त्यांना म्हणाले, "देखो, ध्यान नहीं दिया तो ऐसा होता है." मग माझ्याकडं वळून मराठीत, "तुमच्यातल्यांना लक्ष देऊन काम करायची सवयच नसते. सांग यांना, चूक कुणाची?"

साहेब पुण्याचे, मी निपाणीचा. बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. लागलो तेव्हा केवढा खूश होतो, आपला माणूस भेटला म्हणून. आपला माणूस मराठी काढायचा ते फक्त मला झाडायला. बाकीच्यांना कळू नये म्हणून.

आणि चीड कशाची, तर दवाखान्यात मलापण वाटायचं, माझंच चुकलं.

काय चुकलं पण? पॉवर प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात आत राहूच शकत नाही. आमच्या प्रेसचं डावं बटण तारेनं दाबून बांधलेलं. उजव्या हातानं बटण मारायचं, डाव्यानं पत्रा आत सारायचा. माल भराभर निघतो. पहिल्या दिवशी विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, "स्वल्प फास्ट करो." झालं ट्रेनिंग.

"बोल ना," साहेब म्हणाले.

शेजारच्या प्रेसवरचे सिद्दण्णा मला डोळ्यांनी खुणावत होते. 'सरी' म्हण, बरोबर आहे म्हण, सुट.

मी हात खाली घेतला. हिंदीतच बोललो, सगळ्यांना कळू दे.

"साब, दसरे में आयुधपूजा को इस मशीन को कुंकुम किसने लगाया? आपने. बटन के तार को भी लगाया. तब तार नहीं दिखा?"

सिद्दण्णा आपल्या प्रेसकडं बघायला लागले. तिथंपण तार होती.

"गेटच्या बाहेर हो," साहेब. मराठीत.

झालो. पण आधी त्या नवीन माणसांना सांगितलं, "बटन बंधा है तो हाथ मत डालना."

काल खोलीवर कंपनीचा कागद आला. माझ्या निष्काळजीपणामुळं अपघात झाला, खाली सही कर, वॉचमनची नोकरी देतो. सही केली नाही. करणार नाही. उजवा हात चालतोय. त्यानंच लिहून फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात देणार. पहिली ओळ ठरलीय.

ते बटण मी बांधलं नव्हतं.