परमेश्वर दुधाटे आणि बाकीच्या पाच जणी

परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची मागची खिडकी व्हॉलीबॉलच्या मैदानावर उघडते. मी इथं ग्रंथपाल म्हणून आलो त्याला सतरा वर्षं झाली. अभ्यासिका सकाळी सातलाच उघडावी लागते आणि मुलींचा सरावही त्याच वेळी असतो, त्यामुळे बसल्या जागेवरून मी पुष्कळ व्हॉलीबॉल पाहिलं आहे. परमेश्वर दुधाट्यांचं जे झालं ते सांगायला मी त्या मानाने बरा साक्षीदार आहे.

परमेश्वर मूळचे बोरीचे. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर आहेत. काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शकं पुसून कपाटात ठेवणं, प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी शेवाळ शोधत हिंडणं, हे त्यांचं नेमून दिलेलं काम. पण जिल्ह्यात त्यांचं नाव झालं ते लिफ्टर घडवणारा माणूस म्हणून. व्हॉलीबॉलमध्ये पलीकडून आलेला चेंडू एक जण अडवते, दुसरी तो बोटांनी अलगद वर उचलून देते आणि तिसरी उडी मारून फटका हाणते. ती मधली म्हणजे लिफ्टर. टाळ्या फटका मारणारीला मिळतात. लिफ्टरचा चेंडू वीतभर पुढे-मागे झाला तर मात्र त्या टाळ्या पलीकडच्या संघाला जातात.

परमेश्वर स्वतः तरुणपणी लिफ्टरच होते. उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे जाळीजवळ दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. त्यांच्यासारखी शिकवायची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मुलीला खुर्चीवर बसवून चेंडू उचलायला लावायचे, म्हणजे पायांचा आधार सुटतो आणि सगळं काम बोटांवर येतं. चेंडू पाण्यात बुडवून जड करायचे. आणि मग स्वतः पाठ फिरवून उभे राहायचे. चेंडू बोटांवर आला की आवाज होतो की नाही, एवढंच ऐकायचं. आवाज आला की म्हणायचे, "परत." दिवसाला शंभर-दीडशे वेळा "परत". आवाज न होता चेंडू सुटला की काहीच म्हणायचे नाहीत, आणि मुलींना ते शाबासकीसारखं वाटायचं. त्यांच्या हाताखालच्या चार मुली राज्याच्या संघात खेळल्या. जालन्याचं आणि हिंगोलीचं कॉलेज सुट्टीत आपल्या लिफ्टर आमच्याकडे पाठवायचं.

मुख्य प्रशिक्षक होते माणिकराव सर, शारीरिक शिक्षणाचे संचालक. बावीस वर्षं संघ त्यांनी सांभाळला. गेल्या वर्षी जुलैअखेर ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेची भरती लांबली. प्राचार्य मॅडमनी परमेश्वरांना बोलावून संघाची जबाबदारी घ्यायला सांगितली. मी तेव्हा पुस्तकखरेदीच्या यादीवर सही घ्यायला आत बसलो होतो.

परमेश्वर उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, मला एका जागेचं कळतंय. बाकीच्या पाच जागांचं मला काय कळत न्हाई."

मॅडम म्हणाल्या की विचार करून सांगा, घाई नाही. पण कॉलेजला घाई होती. दोन दिवसांत गोष्ट गेटासमोरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि तिथं सरळ दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली, आता मान मिळायलाय तर घ्यावा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, माणूस ज्या कामात एक नंबर आहे त्यातून त्याला उचलून दुसरीकडे ठेवलं की दोन्ही कामं जातात. कॉलेजचे हिशेबनीस या दुसऱ्या गटाचे पुढारी होते. ते रोज नवीन उदाहरण आणायचे: चांगला शिक्षक मुख्याध्यापक झाला आणि नुसता गणवेश मोजत बसला, चांगला आचारी मंगल कार्यालयाचा मॅनेजर झाला आणि जेवणही बिघडलं, कार्यालयही. मला स्वतःला दुसऱ्या गटाचंच पटत होतं, हे कबूल करतो. माणिकरावांनी मात्र दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिलं, की तुम्ही सगळे चहा पिऊन जाणार आहात, करायचं त्याला आहे.

घरी परमेश्वरांनी बायकोला सांगितलं. मंजुषाताई अंगणवाडीसेविका आहेत, रोज तीसेक पोरांची समजूत काढतात, त्यामुळे नवऱ्याची काढायला त्यांना वेळ लागत नाही. परमेश्वरांनी आपली सगळी कारणं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमाला ते आवडत न्हाई म्हणून नको, का भ्या वाटायलंय म्हणून नको? आधी तेवढं ठरवा." हे परमेश्वरांनीच मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मॅडमकडे गेले आणि म्हणाले, ऑक्टोबरची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तेवढी करतो, पुढचं पुढं बघू.

स्पर्धा उदगीरला होती. संघाबरोबर एक महिला प्राध्यापक आणि एक पुरुष सदस्य लागतो, त्यात माझी वर्णी लागली. दोन क्रुझर गाड्या करून आम्ही गंगाखेडमार्गे निघालो. रस्ताभर परमेश्वरांच्या मांडीवर फायलींचा गठ्ठा. पात्रता अर्ज, आधार कार्डांच्या झेरॉक्स, वैद्यकीय दाखले. उदगीरला पोचल्यावर कळलं की एका मुलीचं ओळखपत्र घरीच राहिलंय. त्याचा फोटो मागवून, छापून, आयोजकांना दाखवून येईपर्यंत संध्याकाळ झाली. मग मुलींच्या खोल्या, पाण्याचा जार, जेवणात वांगं नको म्हणणाऱ्या तिघी. परमेश्वर मला म्हणाले की दिवसभरात आपण एकदाही चेंडूला हात लावला नाही, असं गेल्या वीस वर्षांत झालं नव्हतं.

गटात तीन सामने होते आणि पहिल्या दोन संघांना पुढं जायचं होतं. पहिला सामना आम्ही सरळ तीन सेटमध्ये हरलो.

आमची लिफ्टर होती राजेश्री, राणीसावरगावची, तिसऱ्या वर्षाची. बोलायची कमी. आमची मुख्य स्मॅशर, म्हणजे फटका मारणारी, श्रद्धा, परभणीचीच, उंच आणि जोरकस. त्या दिवशी श्रद्धाचे फटके एकामागून एक जाळीत जात होते. परमेश्वर बाकासमोर येरझाऱ्या घालत राजेश्रीला सांगत राहिले: थोडा उंच, थोडा जाळीपासून लांब, आता थोडा लवकर. विश्रांतीचे तीस सेकंद मिळाले की तेही राजेश्रीशीच बोलण्यात संपवायचे. बाकीच्या पाच जणी घाम पुसत भोवती उभ्या. मला खेळातलं फार कळत नाही, पण राजेश्रीचा चेंडू कुठे चुकतोय हे मला काही दिसेना.

सामना संपल्यावर परमेश्वर मैदानाच्या कडेला एकटेच बसले. हिशेबनीस म्हणायलेत तेच खरं, एवढंच ते मला बोलले. मी काहीतरी धीराचं बोललो, पण माझ्याही मनात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला होता. आम्ही दोघं एका कोपऱ्यात प्लेटा घेऊन बसलो होतो. राजेश्री आली आणि म्हणाली, "सर, राग मानू नका. तुमी सगळा वेळ माझ्याकडंच बघायलात. माझं बराबर चाललंय. श्रद्धाचा खांदा चार दिवसांपासून दुखायलाय, ते तुमी पाहिलंच न्हाई."

परमेश्वर प्लेट खाली ठेवून उठले आणि थेट श्रद्धाकडे गेले. तिने आधी नाही म्हटलं. मग त्यांनी तिला हात डोक्यावर न्यायला सांगितला आणि कानाच्या वर तो जाईना. संघातून वगळतील म्हणून ती गप्प राहिली होती. तिला वाटलं परमेश्वर रागावणार. पण ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले की चूक तुझी नाही, मी बघितलं नाही. त्यांनी तिला डॉक्टरांना दाखवलं, पट्टी बांधून घेतली. त्या दिवशी तिला बाकावर बसवून त्यांनी तिला एक काम दिलं, पलीकडच्या संघात कोण थकतंय ते ओळखायचं. श्रद्धाने ते इतकं मनावर घेतलं की ती मधूनमधून पलीकडच्या मुलींचे बूट कुठल्या कंपनीचे आहेत तेही सांगायला लागली.

स्वतःसाठी परमेश्वरांनी एक नियम केला. चेंडू राजेश्रीकडे चालला की मान वळवायची आणि चेंडूपासून सगळ्यात लांब असलेल्या मुलीकडे बघायचं. सांगायला सोपं आहे. वीस वर्षं जिथं नजर जात होती तिथून ती काढून घ्यायची म्हणजे काय, ते मी शेजारी बसून पाहिलं. पहिल्या सेटमध्ये त्यांची मान सारखी परत वळायची आणि ते ओठ चावून ती पुन्हा फिरवायचे. पण दुसऱ्या सेटपर्यंत त्यांना दिसायला लागलं. मागच्या कोपऱ्यातली मुलगी प्रत्येक वेळी एक पाऊल उशिरा निघते. पहिल्या वर्षाची नवी मुलगी घाबरलेली नाही, उलट तिला फटका मारायचाय आणि तिच्याकडे कुणी चेंडू देत नाही. त्यांनी राजेश्रीला एवढंच सांगितलं की तिला दे. राजेश्रीने दिला. त्या नव्या पोरीने त्या सामन्यात अकरा गुण मारले.

दुसरा सामना जिंकलो, तिसराही जिंकलो. उपांत्य सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. शेवटचा गुण आम्ही मिळवला, मुली ओरडत एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि परमेश्वर मला विचारतात, काय झालं. ते तेव्हा मागच्या कोपऱ्यातल्या मुलीचे पाय बघत होते. तिने पाऊल वेळेवर उचललं, याचा आनंद त्यांच्या तोंडावर इतका होता की जिंकल्याचं त्यांना सांगावं लागलं.

अंतिम सामना आम्ही हरलो. समोरचा संघ खरंच चांगला होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उपविजेतेपदाचा चषक मांडीवर घेऊन मुली परतीच्या गाडीत गाणी म्हणत होत्या. गंगाखेडला चहाला थांबलो तेव्हा परमेश्वर मला म्हणाले, "सर, भ्याच होतं. आवडतंय मला."

पण एक अडचण राहिलीच. सगळा संघ बघायचा तर लिफ्टरना रोजचे दोन तास द्यायला वेळ कुठून आणायचा? आणि राजेश्रीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या रविवारी ते एस.टी.ने पाथरीला गेले. तिथं बबिता राहते. तेरा वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे शिकली, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. परमेश्वरांनी तिला शनिवार-रविवार परभणीला येऊन लिफ्टर मुलींना बघशील का विचारलं. तिची माहेरची माणसं परभणीतच आहेत, त्यामुळे यायला तिला निमित्तच हवं होतं. तिने चहा ठेवता ठेवता होकार दिला आणि वर अट घातली, "सर, मी माझ्या पद्धतीनं शिकवीन. तुमी मधी बोलायचं न्हाई."

परमेश्वर कबूल झाले. परत येताना पूर्ण रस्ता आपण हे काय कबूल करून बसलो याचाच विचार करत होते, असं त्यांनी सांगितलं.

मॅडमना स्वीकृतीचं पत्र द्यायचं होतं. ते माझ्याकडे आले. मी जबाबदारी, विश्वास, संस्थेचा लौकिक असं सगळं घालून पानभर मजकूर लिहून दिला. त्यांनी तो आदराने वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: संघाची जबाबदारी घेत आहे. जमेल असं वाटतं. मॅडमनी त्याच पत्रावर मंजुरीची सही केली.

बबिता पहिल्या शनिवारी आली. ती परमेश्वरांच्या अगदी उलट. अखंड बोलते, हसवते, मुलींची मनगटं धरून कोन दाखवते, चांगला चेंडू सुटला की टाळी देते. परमेश्वर पलीकडच्या टोकाला मागच्या फळीतल्या मुलींना पळवत होते, पण कान सगळे इकडेच. अर्ध्या तासाने ते पाणी प्यायच्या निमित्ताने खिडकीखाली आले आणि मला विचारलं की बबिता जरा जास्तच बोलते असं तुम्हाला वाटत नाही का. मी म्हटलं, मुली शिकायल्यात. त्यांनी पुन्हा एकदा तिकडे पाहिलं आणि ग्लास धुऊन ठेवून परत गेले.

हिशेबनीसांनी आपलं मत अजून बदललेलं नाही. त्यांचं म्हणणं, एका स्पर्धेवरून काही सिद्ध होत नाही, आणि ते चुकीचं बोलतात असं नाही. या वर्षी राजेश्री नाही, नवी लिफ्टर अजून कच्ची आहे, ऑगस्टमध्ये जिंतूरला झालेला मैत्रीचा सामना आम्ही हरलो. श्रद्धाचा खांदा बरा झाला आणि ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. त्या दिवशी परमेश्वरांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले, अगदी प्रात्यक्षिक चालू असताना. विभागप्रमुखांनी पेढा खाल्ला आणि मग सूक्ष्मदर्शकाला साखर लागेल म्हणून ओरडले.

जिंतूरहून परमेश्वर परतले तेव्हा मी त्यांना विचारलं, हरल्याचं वाईट वाटलं का. ते म्हणाले की वाटलं, पण सहा जणींपैकी चौघी मागच्यापेक्षा बऱ्या खेळल्या, दोघींचं काय करायचं ते सोमवारी बघतो. मग खिशातून कागद काढून त्या दोघींचं काय चुकलं ते मला समजावत बसले, आणि अभ्यासिका बंद करायची वेळ होऊन गेली तरी दोघांच्याही लक्षात आलं नाही.