मशीनकडे पाठ

दूध केंद्रावर आपला कॅन तपासायला लागला की माणसं मशीनच्या तांबड्या आकड्यांवर डोळे रोखतात, जणू दहावीचा निकालच लागतोय. माझी आत्या तेवढी मशीनकडे पाठ करून उभी राहायची. गेली बारा वर्षं. कारण मशीनवर बसतो तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा गोठ्याच्या दारात उभा असायचा. धार काढायलाही तिनेच शिकवलं.

"घरचा माणूस बसलाय, आकडे काय बघायचे?" ती म्हणायची. "मग रोज आरशातही बघू का, मीच आहे ना म्हणून?"

आत्याच्या तीन गाई. थोरली, मधली, धाकटी. "माझ्या जावा," असं ती म्हणते, आणि बोलतेही तशीच. यंदा उन्हाने कहर केला. तिघी जिभा बाहेर काढून धापा टाकायच्या, वैरणीला तोंड लावायच्या नाहीत, नुसतं पाणी ढोसायच्या. सकाळी आठ लिटर देणारी थोरली पाचावर आली. आत्याने गोठ्याला ओली गोणपाटं लावली, भर दुपारी तिघींना आंघोळी घातल्या. "अगं, दोन घास तरी खा! कुणाच्या लग्नात बारीक दिसायचंय तुला?"

आणि सोमवारी केंद्राच्या फळ्यावर लाल खडूने उमटलं: कॅन नंबर बावीस, पाणी.

बावीस म्हणजे आत्या. असं तीनदा लिहिलं गेलं की कॅन कायमचा बंद.

"वहिनी, नियम म्हणजे नियम. काय?" दिराच्या प्रत्येक वाक्याला हे 'काय'चं शेपूट असतं. "घरचा असो, दारचा असो. काय?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गाईला नळ बसवलाय वाटतं!" सगळे खिदळले.

आत्याने घरी येऊन स्वतःचीच चूक शोधली. आंघोळीचं पाणी कासेवरून बादलीत ठिबकलं असेल! दुसऱ्या दिवसापासून तिने धारेआधी प्रत्येकीची कास स्वतःच्या मऊ साडीने कोरडी पुसली. बुधवारी फळ्यावर पुन्हा बावीस.

"मशीन बिघडलं असेल," ती म्हणाली. "तो खोटं बोलणार नाही." आणि गुरुवारी सकाळीही पाठ करूनच उभी राहिली.

त्याच दुपारी धाकटीला बघायला गुरांचे डॉक्टर आले. ते नाकातून बोलतात आणि सुरुवात 'म्हणजे कसं'ने करतात. "म्हणजे कसं ताई, ऊन वाढलं की गाय खात नाही. दूध घटतं आणि पातळही होतं. सगळ्यांचंच होतंय. म्हणून तर महिन्यापूर्वी केंद्रात पत्रक दिलं. पाणी आहे म्हणायच्या आधी गोठ्यात जा, समोर धार काढून तपासा."

"कुणाच्या हातात दिलं?"

"तुमच्या दिरांच्याच. सही आहे त्यांची."

आत्या उठली आणि धारेची बादली घासायला बसली. तिचं ते बादली घासणं मला अजून जमत नाही, बाकी सगळ्यांची नक्कल जमते.

संध्याकाळी तिने कॅन ठेवला. "पत्रक कुठंय?"

दिराची नजर खाली गेली. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली चार घड्यांचा कागद. आत्याने वाकून तो उपसला. टेबल डुगडुगलं. तिने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला.

"बाकीच्यांचं दूध?"

"सगळ्यांचंच पातळ लागतंय," तो पुटपुटला. "डेअरीचे साहेब म्हणाले, तू सगळ्यांना सोडतोस. एखादा नंबर लिहिणं भाग होतं. दुसऱ्याचा लिहिला असता तर त्याने माझी गचांडी धरली असती. तू घरची. वाटलं, समजून घेशील."

पहिल्यांदाच शेवटी 'काय' नव्हतं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," मागून तोच नळवाला म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

आत्याने फळ्याकडे बोट केलं. दिराने तो बाहीनेच पुसला. मग तिने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मशीनकडे तोंड करून उभी राहिली.

"ओता, भाऊजी," ती म्हणाली. जन्मभर त्याला अरेतुरे करणारी माझी आत्या. "सावकाश ओता. मला आकडे बघायचेत."