पारमितानं वाचलेला भावा

पारमिताला पोलिसांनी उचलून नेलं, ही बातमी मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीत पसरली. पसरवणारी मीच. जीप काही मी बघितली न्हवती. पोरीचं उतरलेलं तोंड, काखेत जाड फाईल, आणि रिक्षावाल्याला "कोर्ट" म्हणालेली ऐकली. बाकीचं माझ्या पदरचं. संध्याकाळी कळलं, तिला कुणी नेलं न्हवतं. ती आपल्या पायांनी गेलती, आपलीच चूक सांगायला.

पारमिता आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचे वडील मायाप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पोरगी बेळगावच्या कॅम्पातल्या एका खासगी लॅबमध्ये लोकांचे मोबाईल तपासते. कोर्टाचा हुकूम आला की फोनची आणि त्याच्या क्लाउड खात्याची हुबेहूब नक्कल काढायची, आणि त्या नकलेतनं पुसलेलं शोधायचं. "फोनमधलं पुसलं तरी क्लाउडात राहतंय, आक्का," असं तिनं सांगितल्यापासनं मला एकच धास्ती. कणकुंबीच्या पावसात तो ढग फुटला, तर बेळगावच्या सगळ्यांची लफडी गटारीतनं वाहत येतील.

तर तिच्याकडं एका कॉलेजातल्या कारकुनाचा, शामूचा, फोन तपासायला आला. परीक्षेचा पेपर फुटलेला. शामूनं फोन साफ केलता, पण क्लाउडातल्या बॅकअपात इंग्रजी अक्षरांत एक मेसेज राहिलाच : 'पेपर भावाकडे.' एवढंच. शामू निम्मं मराठी, निम्मं कन्नड लिहायचा. आता गंमत बघा. कन्नडात भाव म्हणजे बहिणीचा नवरा, आणि 'कडे' दोन्ही भाषांत तेच. पारमितानं ते वाक्य कन्नड धरलं, रिपोर्टात 'बहिणीच्या नवऱ्याकडे' असा अर्थ लिहिला आणि खाली सही केली.

शामूच्या बहिणीचा नवरा भरमा निपाणीत शाळेची बस चालवायचा. पोलिसांनी त्याला घरातनं उचललं. ते पेपरात आलं तेव्हा मी भाजी निवडत म्हटलं, "जावई लोक असलेच." भरमाला मी जन्मात बघितलेलं न्हवतं.

मग एका सकाळी आमच्या दारात एक टेम्पो आडवा लागला. मी ओरडले, "ए भावा, सरकव की रं! दार काय तुझ्या बापाचं हाय?"

पारमिता जिन्यातनं उतरत होती. मधल्याच पायरीवर थांबली.

"आक्का, काय म्हणालात?"

"बाप काढला गं त्याचा. चुकलं माझं."

"त्याच्या आधी."

"भावा म्हटलं. सगळ्यांस्नीच म्हणतोय की आपण."

"तो तुमचा कोण?"

"माझा कोण असणार? टेम्पोवाला!"

पोरीचा चेहरा असा उतरला की मला वाटलं चक्कर आली. पाणी आणीपर्यंत ती लॅबला गेलतीसुद्धा.

तिथं तिनं शामूचं वर्षाभराचं चॅट पहिल्यापासनं वाचलं. त्यात तेवीस जण भावा. क्रिकेटची पोरं भावा, गॅरेजवाला भावा, दूधवालाबी भावा. आणि भरमा? एकदाही न्हाय. तो सगळीकडं 'दाजी'. बहिणीच्या नवऱ्याला आपल्यात दुसरं काय म्हणतात? म्हणजे पेपर त्या तेविसातल्याच कुणाकडं तरी.

तिचे साहेब म्हणाले, "नक्कल बरोबर आहे ना? मग झालं. अर्थाचं वकील बघतील. आपण होऊन कशाला सांगायचं?"

"वकिलाच्या ध्यानात येईपर्यंत भरमा आतच राहील, सर."

मंगळवारी संध्याकाळी, कोर्टातनं येऊन, माझ्याकडं बसली तर चहावर साय धरली, कपाला हात लावला न्हाय. "निपाणीत सगळे भावा-भावा करत वाढलोय, आक्का. ऑफिसात माझी कन्नड किती चांगली ते दाखवायच्या नादात घरचा शब्दच ओळखला न्हाय." मला एरवी दर वाक्याला टोमणा सुचतो. तेव्हा सुचला न्हाय, कारण भाजी निवडताना मी काय बोललेते ते मला आठवत होतं.

त्याच सकाळी तिनं कोर्टात दुरुस्तीचा रिपोर्ट दिलेला आणि चूक माझी, असं उभं राहून सांगितलेलं. दोन दिवसांनी भरमा सुटला. तोवर शाळेनं त्याची बस दुसऱ्याच्या हातात दिलेली. रविवारी पारमिता माफी मागायला निपाणीला गेली. भरमाची बायको नागुबाई हिनं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं, आणि कडी लावली.

परत आल्यावर तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, "एका शब्दाची तर चूक गं. आणि लॅबवाल्यांनी काढलं तर माझ्याबरोबर पापड लाटायला ये. त्याला कुठली भाषा लागत न्हाय."

ती हसली न्हाय. म्हणाली, "शब्द एकच चुकला, व्हय. पण त्याच्यापायी एकोणीस दिवस तो माणूस आत होता, आक्का. मी न्हवे."